तीन अमिनो आम्लांचा फरक टी-पेशीला कळतो: एच-२ म्युटंट उंदरांवर एमएलआर कशी लावावी

बी६ (सी५७बीएल/६ ही प्रयोगातली जात) उंदराच्या पाठीवर त्याच जातीतल्या बीएम१ या म्युटंट उंदराची कातडी लावली तर ती टिकत नाही. दोन्ही उंदीर दिसायला सारखेच काळे आणि जनुकांचा जवळजवळ सगळा संच एकच. फरक आहे तो १७व्या गुणसूत्रावरच्या के-बी या, पेशीच्या पृष्ठभागावर टी-पेशींना पेप्टाइड (प्रथिनांचे तुकडे) दाखवणाऱ्या एका प्रथिनात, आणि तोही फक्त तीन जागी: १५२, १५५ आणि १५६. एवढ्याशा फरकावर टी-पेशी कातडी परकी ठरवते. हा फरक डिशमध्ये एमएलआरने (मिश्र लिम्फोसाइट प्रतिक्रिया: एका उंदराच्या टी-पेशी दुसऱ्याच्या पेशींसमोर ठेवून त्या विभागतात का ते पाहणं) कसा मोजायचा, मोजताना फसायचं कुठे नाही, आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, ते पुढे दिलं आहे. ज्यांनी माणसाच्या रक्तपेशींवर काम केलंय पण उंदराच्या प्लीहेवर नाही, अशा एमएस्सी-पीएचडीच्या मुलांना हे विशेष उपयोगी पडेल.

कोणता म्युटंट कशासाठी

उंदराच्या ऊतीसंगती जनुकांचा समूह म्हणजे एच-२. पीटर गोरर यांनी १९३६मध्ये तो प्रथम ओळखला आणि जॉर्ज स्नेल यांनी फक्त एच-२मध्ये फरक असलेल्या जाती तयार करून त्याचा अभ्यास शक्य केला. स्नेल यांना १९८०चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. आपण वापरतो ते बीएम म्युटंट मात्र कुणी घडवलेले नाहीत. एकाच जातीच्या उंदरांत कातडीचे तुकडे आपसांत लावून, ज्याचा तुकडा नाकारला जातो तो वेगळा काढत ते सापडले. के-बीमध्ये असे बदल दर ५,००० जननपेशींमागे साधारण एक, इतक्या वारंवार होतात. शेजारच्या एखाद्या सारख्या जनुकातला तुकडा उचलून इथे चिकटवल्यासारखा हा बदल असतो. बीएम१मधला तुकडा क्यू-१० या जनुकातून आलाय. ही गोष्ट लक्षात असू द्या, जीनोटायपिंगमध्ये तीच पाय अडकवते.

प्रयोगासाठी कामाचे म्युटंट मुख्यतः तीन. बीएम१मध्ये के-बीच्या वरच्या हेलिक्सवर तीन बदल आहेत: १५२ला ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅलनिन, १५५ला आर्जिनिनऐवजी टायरोसिन, १५६ला ल्युसिनऐवजी टायरोसिन. यातली १५५ची जागा टी-पेशीच्या रिसेप्टरकडे तोंड करून आहे, तर १५२ आणि १५६ पेप्टाइडकडे. बीएम८मध्ये बदल पेप्टाइड बसतं त्या खोबणीच्या तळाशी आहेत, २२, २३, २४ आणि ३० या जागी. रिसेप्टरला ते थेट दिसतच नाहीत. त्याला दिसतं ते वेगळ्या पद्धतीने बसलेलं पेप्टाइड. तिसरा बीएम१२. हा के-बीसारख्या क्लास १चा नव्हे तर क्लास २चा, आय-ए-बी या रेणूच्या बीटा साखळीत ६७, ७० आणि ७१ या जागी.

यातले बीएम१ आणि बीएम१२ प्लेटसाठी निवडण्याचं कारण सरळ आहे. क्लास १मध्ये फरक असेल तर सीडी८ (मारक) टी-पेशी धावतात, क्लास २मध्ये असेल तर सीडी४ (मदतनीस). म्हणजे बी६च्या टी-पेशी बीएम१समोर ठेवल्या तर फक्त सीडी८ विभागायला हव्यात, बीएम१२समोर फक्त सीडी४, आणि बाल्ब-सी या वेगळ्याच जातीसमोर दोन्ही. एकाच प्लेटवर हे तिन्ही आले की प्रयोग स्वतःच स्वतःची तपासणी करतो. बाल्ब-सीला मात्र फार महत्त्व देऊ नका. त्याच्यात आणि बी६मध्ये एच-२बाहेरचेही शेकडो फरक आहेत. तो फक्त गाडी सुरू होते की नाही एवढंच सांगतो.

उंदीर येण्याआधी

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीकडे फॉर्म बी भरावा लागतो. पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे त्या राष्ट्रीय समितीचं नाव आता सीसीएसईए आहे. जुन्या फॉर्मची प्रत वापरत असाल तर आधी हे तपासा. उंदरांच्या संख्येचं समर्थन मागतात, आणि इथे हिशेब सोपा आहे. प्रत्येक प्रयोगाला बी६चा एक प्रतिसादक (ज्याच्या टी-पेशी विभागतात का ते पाहायचं) उंदीर, शिवाय उद्दीपक (ज्यांच्या पेशी त्यांच्यासमोर ठेवायच्या) म्हणून बी६, बीएम१, बीएम१२ आणि बाल्ब-सी यांचा एकेक, असे पाच. तीन स्वतंत्र वेळा म्हणजे १५. एका प्लीहेतून ८ ते १० कोटी पेशी मिळतात, त्यामुळे याहून जास्त उंदीर मागायचं कारण नाही. ओटी-१सारखे ट्रान्सजेनिक (बाहेरून जनुक घातलेले) उंदीर वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीची परवानगी वेगळी लागते. बीएम मालिका नैसर्गिक बदलाची असल्याने तिला ती अडचण नाही.

वय ६ ते १० आठवडे, आणि सगळे एकाच लिंगाचे घ्या. बी६ची मादी नराच्या पेशींवरच्या एच-वाय प्रतिजनाला ओळखते. कातडीच्या प्रयोगात तर त्यामुळे निकालच उलटा पडू शकतो. गंमत म्हणजे बीएम१२च्या मादीला हेच एच-वाय नीट ओळखता येत नाही, ती नराची कातडी नाकारत नाही. आय-ए-बीच्या तीन जागा बदलल्या की एक आख्खा प्रतिसाद गायब होतो, त्याचं हे उत्तम उदाहरण. बीएम१लाही असंच एक भोक आहे: सेंडाई विषाणूविरुद्ध बी६ची मारक टी-पेशी के-बीवरच अवलंबून असते, म्हणून बीएम१ उंदीर त्या विषाणूला मारक टी-पेशींनी उत्तर देऊ शकत नाही.

उंदीर बाहेरून आले असतील तर किमान आठवडाभर त्यांना जागेत रुळू द्या. मुंबईत प्राणिगृहाचा एसी पावसाळ्यात बंद पडला की आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर जाते. अशा ताणातल्या उंदराच्या लिम्फोसाइट कमी होतात आणि पहिल्याच दिवशी मोजणीत फरक दिसतो. आर्द्रतेची नोंदवही मागा, आणि पिंजऱ्याच्या खोलीत उभं राहून हायग्रोमीटर स्वतः वाचा.

जीनोटायपिंगचा सापळा

आलेला उंदीर खरंच बीएम१ आहे का, हे शेपटीच्या डीएनएवरून पाहायचं. बदल अल्फा-२ भागात आहे, म्हणजे एक्झॉन ३. पीसीआर करून सँगर सिक्वेन्सिंग केलं की काम झालं, असं वाटतं. पण के-बी, डी-बी आणि क्यू गटातली जनुकं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की एक्झॉनच्या आत बसवलेले प्रायमर ती सगळी एकदम उचलतात. आणि बीएम१चा बदललेला तुकडा तर क्यू-१०चाच. परिणाम असा, की शुद्ध बी६ उंदराच्या सिक्वेन्समध्येही क्यू-१०ची शिखरं मिसळून येतात आणि तो बी६ व बीएम१चा संकर आहे असं दिसतं. अख्खी वसाहत दूषित झाली म्हणून काढून टाकायची वेळ येते, आणि चूक असते दोन प्रायमरची.

उपाय दोन. निदान एक प्रायमर के-बीच्याच इंट्रॉनमध्ये बसवा, जिथे क्यू-१० वेगळा आहे. आणि प्रत्येक वेळी खात्रीच्या बी६चा डीएनए शेजारी चालवा. त्यातही दुहेरी शिखरं आली तर उंदराला दोष देऊ नका. प्लीहेतला आरएनए काढून सीडीएनएवर काम केलं तरी हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण क्यू-१० मुख्यतः यकृतात व्यक्त होतं. बीएम१२ला मात्र ही पळवाट नाही. त्याचा तुकडा ई-बीटा जनुकातून आलाय आणि ते जनुक बी६च्या प्लीहेतही चालू असतं. तिथे प्रायमरच नेमके हवेत. बीएम१२चा बदल बीटा-१ भागात, म्हणजे एक्झॉन २मध्ये शोधा.

अँटिबॉडीने तपासायचं असेल तर एक इशारा. ज्या क्लोनचा बांधणीबिंदू बदललेल्या भागातच आहे, तो म्युटंटवर चिकटणार नाही, आणि तुम्ही म्हणाल की प्रथिन पृष्ठभागावर नाहीच. चमक दिसली नाही म्हणजे रेणू नाही असं नव्हे. एकाच रेणूवर वेगवेगळ्या ठिकाणी बसणारे निदान दोन क्लोन वापरा आणि दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून पाहा.

द्रावणं

माध्यम: आरपीएमआय १६४०मध्ये १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम, ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून निष्क्रिय केलेलं), २ मिलिमोलर ग्लुटामिन, १ मिलिमोलर सोडियम पायरुव्हेट, १० मिलिमोलर हेप्स, पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, आणि ५० मायक्रोमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल. हे शेवटचं विसरू नका. माणसाच्या पेशी याशिवाय चालतात, उंदराच्या लिम्फोसाइट चालत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या मरतात आणि प्लेट पाहणारा बीएम१ला प्रतिसादच नाही असं लिहून टाकतो. शुद्ध बाटली १४.३ मोलर असते. तिच्यातले ३५ मायक्रोलिटर १० मिलि पाण्यात टाकले की ५० मिलिमोलर साठा तयार होतो, आणि त्यातला अर्धा मिलि ५०० मिलि माध्यमात पुरतो. काम धूर-कपाटात करा, वास पूर्ण मजल्यावर पसरतो.

तांबड्या पेशी फोडण्याचं एसीके: अमोनियम क्लोराइड ८.२९ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७.२ मिलिग्रॅम, एक लिटर पाण्यात, पीएच ७.२ ते ७.४. गाळून ठेवा.

सीएफएसई म्हणजे पेशी विभागली की दर वेळी निम्मं होणारं हिरवं रंगद्रव्य. त्याची कुपी ५०० मायक्रोग्रॅमची असेल तर १८० मायक्रोलिटर निर्जल डीएमएसओमध्ये ५ मिलिमोलर होते. इथे मुंबईचं हवामान आडवं येतं. उणे २० अंशांवरून काढलेली कुपी लगेच उघडली तर जुलैच्या हवेतलं पाणी तिच्या आत धरतं, डीएमएसओ ते ओढून घेतो आणि सीएफएसई पाण्याने तुटतं. पुढच्या वेळी शिखरं फिकी येतात आणि कारण कुणाला कळत नाही. कुपी सिलिकाच्या डब्यात खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवा. आणि पहिल्याच दिवशी १० मायक्रोलिटरचे भाग करून ठेवा, एक भाग एकदाच वापरायचा.

प्लीहा ते प्लेट

प्लीहा बर्फगार माध्यमात घ्या. ७० मायक्रॉनच्या जाळीवर ठेवून सिरिंजच्या दट्ट्याच्या मागच्या टोकाने हळू दाबा. जोर लावला तर पेशी फुटतात, डीएनए बाहेर येऊन चिकट गुठळ्या होतात आणि पुढचं सगळं त्यात अडकतं. ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा. गोळ्यावर १ ते २ मिलि एसीके, खोलीच्या तापमानाला २ मिनिटं, तीनपेक्षा जास्त नाही, मग लगेच १० मिलि माध्यम. दोन वेळा धुवा. ट्रिपन ब्लूमध्ये ९० टक्क्यांवर जिवंत पेशी हव्यात, नसतील तर पुढे जाऊ नका.

प्राणिगृह एकीकडे आणि प्रयोगशाळा दुसरीकडे असेल, परळहून खारघरला वगैरे, तर प्लीहा अख्खीच बर्फातल्या माध्यमात न्या. सुट्या पेशी वाटेत जास्त लवकर मरतात. दोन तासांच्या आत जाळीवर आली पाहिजे. सकाळी नऊच्या हार्बर लोकलमध्ये बर्फाचा डबा सांभाळणं म्हणजे दुसराच प्रयोग होतो. टॅक्सी करा आणि निघण्याची वेळ आधी ठरवा.

प्रतिसादक टी-पेशी चुंबकी मण्यांनी नकारात्मक निवडीने वेगळ्या करा, म्हणजे हवी ती पेशी सोडून बाकीच्या पकडायच्या. टी-पेशींनाच मणी लावले तर त्या अर्धवट जागृत होतात. मग सीएफएसई: पीबीएसमध्ये एक कोटी पेशी प्रति मिलि, ०.१ टक्का बीएसए, अंतिम सांद्रता ५ मायक्रोमोलर, ३७ अंशांवर ८ ते १० मिनिटं. लगेच पाचपट थंड माध्यम ओता, ५ मिनिटं बर्फात ठेवा, तीनदा धुवा. रंगद्रव्य टाकताना ते नळीच्या भिंतीवर न टाकता थेट पेशींच्या द्रावणात टाका आणि तत्क्षणी हलवा. नाहीतर अर्ध्या पेशी गडद आणि अर्ध्या फिक्या होतात, आणि त्या फिक्या पेशी पुढे विभागलेल्यांसारख्या दिसतात. १० मायक्रोमोलरच्या वर गेलात तर पेशी मरायला लागतात.

उद्दीपक पेशींचं विभाजन थांबवावं लागतं. गॅमा किरणांचा २० ते ३० ग्रे डोस द्यायचा. शहरातल्या मोठ्या रक्तपेढ्यांत रक्तासाठी इरॅडिएटर असतो आणि त्याचा नेहमीचा डोस २५ ग्रे, म्हणजे आपल्याला हवा तेवढाच. पण रक्तपेढीत उंदराच्या पेशी नेऊ देतीलच असं नाही, आणि त्यांचं म्हणणंही चूक नाही. मग मायटोमायसिन-सी: ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ३७ अंशांवर अर्धा तास, अंधारात. नंतर चार वेळा धुवा. तीन वेळा धुवून भागतं असं म्हणणाऱ्यांच्या प्लेटमध्ये प्रतिसादक पेशीही थांबलेल्या दिसतात. शक्य असेल तर उद्दीपकांमधल्या टी-पेशी आधीच काढून टाका. किरणांनी विभाजन थांबतं, पण ओळखणं थांबत नाही. बीएम१ची टी-पेशी तुमच्या बी६ला परकं समजून सायटोकाइन सोडते, आणि तो गोंधळ निकालात मिसळतो.

९६ घरांची यू-तळाची प्लेट घ्या. प्रत्येक घरात दोन लाख प्रतिसादक, चार लाख उद्दीपक, एकूण २०० मायक्रोलिटर. प्रत्येक जोडीची तीन घरं, बीएम१ची मात्र सहा, कारण तिथे प्रतिसाद देणाऱ्या पेशी कमी असतात आणि शेवटी दोन-दोन घरं एकत्र करून मोजावी लागतात. नियंत्रणं: प्रतिसादक एकटे, बी६समोर बी६, आणि सीडी३ (१४५-२सी११, १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि) अधिक सीडी२८ (३७.५१, २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि) लावलेलं एक घर. हे शेवटचं घर तिसऱ्या दिवशीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. त्यात गुच्छ नसतील तर पेशी किंवा माध्यम खराब आहे, पाचव्या दिवसापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. पहिल्या खेपेला बाहेरून आयएल-२ (टी-पेशी वाढवणारं सायटोकाइन) घालू नका. त्याने शेजारच्या, न ओळखणाऱ्या पेशीही विभागतात.

कडेच्या घरांत पेशी ठेवू नका, त्यात २०० मायक्रोलिटर पीबीएस भरा. इन्क्युबेटर ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. खालच्या तबकातलं पाणी निर्जंतुक असू द्या. जून ते सप्टेंबर बुरशी येते ती बहुतेक वेळा त्या तबकातून, नाहीतर खोलीत साठवलेल्या ओल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. खोके बाहेर काढल्याशिवाय इन्क्युबेटर कितीही वेळा पुसला तरी ती परत येते. सोमवारी लावलेली प्लेट शुक्रवारी वाचता येते. तारीख ठरवताना कॅलेंडर पाहा: लालबाग-परळ भागात अनंत चतुर्दशीला ना सिलिंडरवाला येतो ना तुम्ही वेळेवर पोहोचता.

वाचन आणि हिशेब

चौथ्या-पाचव्या दिवशी फ्लो सायटोमीटरवर वाचण्यासाठी पेशी गोळा करा, २.४जी२ने एफसी रिसेप्टर झाका, मृत पेशींचं रंगद्रव्य, सीडी४ आणि सीडी८ लावा. सीएफएसई हिरव्या वाहिनीत इतकं तेजस्वी असतं की शेजारच्या पीई वाहिनीत सांडतं. भरपाईसाठी फक्त सीएफएसई लावलेल्या आणि न विभागलेल्या पेशींचं वेगळं नमुनापात्र ठेवाच. प्रतिसादकाला रंग आहे आणि उद्दीपकाला नाही, म्हणून बीएम१ आणि बी६ यांचे बाकीचे सगळे चिन्हक सारखे असूनही त्यांना वेगळं करता येतं.

विभागलेल्या पेशींची टक्केवारी सरळ लिहू नका, ती फुगलेली असते. समजा सीडी८च्या खिडकीत न विभागलेल्या ९,००० आहेत, चौथ्या पिढीत १,६०० आणि पाचव्या पिढीत ३,२००. विभागलेल्या म्हणून ३५ टक्के दिसतील. पण चौथ्या पिढीतल्या १,६०० पेशी मुळात १०० पेशींपासून आल्या, कारण १,६००ला १६ने भागायचं. पाचव्या पिढीतल्या ३,२००ला ३२ने भागलं तरी १०० येतात. म्हणजे मूळ ९,२०० पेशींपैकी २०० पेशींनी बीएम१ ओळखला. टक्केवारी २.२. परक्या एमएचसीला (के-बी, आय-ए-बीसारख्या ऊतीसंगती रेणूंना) ओळखणाऱ्या टी-पेशी काही टक्क्यांच्या घरात असतात हे लक्षात घेतलं, तर ३५ हा आकडा पाहूनच शंका यायला हवी.

बी६समोर बी६ असलेल्या घरात जी पार्श्वभूमी येते, ती प्रत्येक निकालातून वजा करा. ती जास्त असेल तर एफबीएस बदला. काही लॉटमधली गाईची प्रथिनं उंदराच्या टी-पेशींना चाळवतात. नवीन लॉट घेण्याआधी १० मिलिचा नमुना मागून हीच प्लेट लावून बघा. बीएम१च्या घरात सीडी४ही विभागत असतील तर संशय दोन जागी घ्या: वसाहतीत दुसरी जात मिसळली आहे का, आणि उद्दीपकांतल्या टी-पेशी काढल्या होत्या का.

बदल नेमका काय बिघडवतो

प्रतिसाद बदलला, एवढ्याने काम संपत नाही. बदलाने रेणूची पृष्ठभागावरची संख्या कमी केली, की पेप्टाइड बदललं, की रिसेप्टरचा स्पर्श, की सीडी८चा, हे वेगळं काढावं लागतं. क्रमही हाच ठेवा, कारण पहिल्यातच उत्तर मिळालं तर पुढचे तीन प्रयोग वाचतात.

पृष्ठभागावरची संख्या दोन क्लोनने मोजायची, ते वर आलंच. पेप्टाइडसाठी आरएमए-एस पेशी वापरतात. टॅप-२मधल्या (पेशीत पेप्टाइड या रेणूंपर्यंत पोचवणाऱ्या वाहकाच्या) दोषामुळे त्यांच्या पृष्ठभागावरचे के-बी रेणू बहुतांश रिकामे असतात आणि ३७ अंशांवर टिकत नाहीत, २६ अंशांवर टिकतात. रात्रभर २६ला ठेवा, पेप्टाइड दहाच्या उणे पाचव्या घातापासून उणे दहाव्या घातापर्यंतच्या मोलर पायऱ्यांनी घाला, तासाभराने ३७ला न्या आणि दोन ते चार तासांनी के-बी मोजा. जे पेप्टाइड नीट बसतं, त्याच्यामुळे रेणू टिकून राहतो. मुंबईत २६ अंश म्हणजे खोलीचं तापमान नव्हे. रात्री एसी बंद झाला की ३० सहज होतं. बीओडी इन्क्युबेटर लावा, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड नसल्याने माध्यमात २५ मिलिमोलर हेप्स ठेवून झाकण घट्ट बंद करा. सीरम कमी ठेवा. गाईच्या सीरममधलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन रिकाम्या रेणूंना आधार देतं आणि पार्श्वभूमी वाढते. के-बीला पाचव्या जागी फिनाइलअॅलनिन किंवा टायरोसिन आणि आठव्या जागी ल्युसिनसारखं आम्ल आवडतं. ओव्हाल्ब्युमिनचं २५७ ते २६४ हे आठ आम्लांचं पेप्टाइड, ज्याला लॅबमध्ये सगळे ‘सिनफेकल’ म्हणतात, याच साच्यातलं आहे. म्युटंट तपासायचा तर तो रेणू अशाच टॅप-हीन पेशीत घालावा लागतो.

टी-पेशीच्या बाजूने पाहायचं तर ओटी-१ पेशी सगळ्यात सोप्या. त्यांचा रिसेप्टर के-बीवरच्या सिनफेकललाच ओळखतो. बी६च्या प्लीहापेशींवर पेप्टाइड घालून ओटी-१ लावल्या की पिकोमोलर पातळीलाही त्या जाग्या होतात, बीएम१च्या पेशींवर होत नाहीत. म्हणून बीएम१ हा फार सोयीचा नकारात्मक नमुना आहे: ज्या प्रयोगात प्रतिजन देणारी पेशी स्वतः ओटी-१ला चेतवते की दुसरी पेशी ते उचलून दाखवते, हा प्रश्न असतो, तिथे प्रतिजन बीएम१ पेशींतून आणतात. पण बीएम१च्या पेशी मेलेल्या नाहीत हे त्याच दिवशी एमएलआरच्या घरातून दाखवा. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

सीडी८चा स्पर्श वेगळ्या ठिकाणी आहे, अल्फा-३ भागातल्या २२३ ते २२९ या वळणावर. तिथल्या २२७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आलं तर सीडी८वर अवलंबून असलेल्या मारक पेशी ओळखणं सोडतात, पण ज्यांचा रिसेप्टर स्वतःच घट्ट धरतो त्या पेशींना काही फरक पडत नाही. एकाच टी-पेशी क्लोनवर असा प्रयोग करून निष्कर्ष काढू नका. निदान दोन घ्या, एक घट्ट धरणारा आणि एक सैल.

बदलाने रेणूच गायब झाला, जसं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनशिवायच्या उंदरात होतं, तर टी-पेशींचा प्रश्न मागे पडतो आणि एनके (नैसर्गिक मारक) पेशी पुढे येतात. त्या ‘आपलं’ चिन्ह नसल्याचं ओळखून मारतात. हे पाहायला बी६च्या पेशी ५ मायक्रोमोलर आणि म्युटंटच्या ०.५ मायक्रोमोलर सीएफएसईने रंगवा, सारख्या प्रमाणात मिसळून एक कोटी पेशी २०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये शेपटीच्या शिरेतून द्या आणि १८ ते २० तासांनी प्लीहेतलं प्रमाण मोजा. दुसऱ्या गटाला दोन दिवस आधी पीके१३६ ही एनके पेशी काढून टाकणारी अँटिबॉडी २०० मायक्रोग्रॅम पोटात टोचा. त्या गटात म्युटंट पेशी परत दिसल्या तरच एनकेचं नाव घ्या. रंग उलटे करूनही एकदा करा. नुसत्या सीएफएसईच्या जास्त डोसनेही पेशी मरतात.

उरलेले उंदीर आणि प्लीहेचे तुकडे पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. मायटोमायसिन लागलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. ते पिवळ्या पिशवीच्याच मार्गाने, सायटोटॉक्सिक म्हणून चिठ्ठी लावून जातं.